हातातला ट्रान्समीटर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो? शोधायचं कसं, पहिल्यापासून

गेटचा रिमोट हरवला म्हणून दुकानात गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "फ्रिक्वेन्सी कितीची आहे?" अंबड-सातपूरच्या कारखान्यात क्रेनचा रिमोट बदलायचा असो, निफाडकडच्या द्राक्षबागेतल्या हवामान यंत्राचा सेन्सर नवा घ्यायचा असो, नाहीतर गंगापूर रोडवरच्या एका लॉन्समधला कॉर्डलेस माइक शेजारच्या लॉन्सच्या स्पीकरमधून बोलायला लागलेला असो, प्रश्न हाच. आणि ज्याला उत्तर माहीत असायला हवं, तो बसवणारा माणूस फोन उचलत नाही.

मी हौशी रेडिओवाला आहे, परवाना आहे, आणि ओळखीपाळखीतून अशी यंत्रं नाशिकभरातून माझ्या टेबलावर येत असतात. नवख्यांचं एक ठरलेलं दिसतं. आकडा मिळायला त्यांना फारसा वेळ लागत नाही, पण मिळालेला आकडा खोटा निघतो, आणि त्यावर विश्वास ठेवून चुकीचा रिमोट मागवून बसतात. म्हणून या लेखात शोधण्यापेक्षा पडताळण्यावर जास्त लिहिलंय. घाई असेल तर सहावी पायरी तरी सोडू नका.

आधी कायद्याचं कुंपण

स्वतःच्या किंवा मालकाने सांगून दिलेल्या यंत्राची फ्रिक्वेन्सी शोधणं ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं ही वेगळी. दुसरी गोष्ट २०२३च्या दूरसंचार कायद्यात गुन्हा आहे. त्याला तुरुंगवासही आहे आणि मोठा दंडही. नाशिकमध्ये तर जास्तच जपायला हवं. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, गांधीनगरला लष्करी विमानदलाचं, ओझरला विमानतळ आणि एचएएल. या भागांत अँटेना घेऊन फिरू नका. सिंहस्थाच्या काळात शहरात पोलिसांचे वायरलेस संच वाढतात, ते वॉटरफॉलवर (स्क्रीनवर वरून खाली सरकत जाणारं सिग्नलचं चित्र) दिसले तरी पुढे सरका.

शिवाय इथे सांगितलेलं सगळं काम फक्त रिसीव्ह करण्याचं आहे. सापडलेल्या फ्रिक्वेन्सीवर "जरा पाठवून बघू" हा मोह टाळा. हॅकआरएफसारखी यंत्रं पाठवूही शकतात, आणि तिथे परवान्याचा प्रश्न लगेच येतो.

जवळ काय काय हवं

- आरटीएल-एसडीआर डोंगल. मुळात टीव्ही बघायला बनवलेला हा यूएसबी तुकडा. २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की तो जवळजवळ कुठलाही रेडिओ सिग्नल संगणकाला देऊ शकतो. आर८२०टी किंवा आर८२०टी२ ट्यूनरवाला घेतलात तर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ दिसतं. आतला ऑसिलेटर (डोंगलचं घड्याळ) 'टीसीएक्सओ', म्हणजे तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा, आहे ना, हे विचारून घ्या. कारण सातव्या पायरीत येईल.
- लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर. विंडोजवर एसडीआर शार्प किंवा एसडीआर प्लस प्लस, लिनक्सवर जीक्यूआरएक्स. सगळी फुकट.
- डोंगलसोबत येणारा ओढायचा अँटेना. एवढा पुरतो.
- बारीक स्क्रू ड्रायव्हर, भिंग, मोबाइलचा टॉर्च.
- नवे सेल. गेटच्या रिमोटमध्ये बहुधा १२ व्होल्टचा छोटा २३ए किंवा २७ए सेल असतो. दोन्हींची जाडी वेगळी असते, जुना बघून घ्या. अर्धवट उतरलेल्या सेलवर काही रिमोट फ्रिक्वेन्सीपासून घसरतात आणि तुम्ही तो घसरलेला आकडा लिहून घेता.
- क्रेन किंवा गेट असेल तर बसवल्याचं बिल, मॅन्युअल, ईटीए (यंत्राला मिळालेली सरकारी मान्यता) प्रमाणपत्राची प्रत. कारखान्यात ही कागदपत्रं मेंटेनन्सच्या फाइलपेक्षा खरेदी विभागाच्या फाइलमध्ये सापडण्याची शक्यता जास्त.

टायनीएसए नावाचा, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे ते दाखवणारा खिशातला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर असेल तर उत्तम, साध्या मॉडेलवर ९६० मेगाहर्ट्झपर्यंत दिसतं. नसला तरी अडत नाही. हातात धरायचा फ्रिक्वेन्सी काउंटर मात्र रिमोटसाठी विकत घेऊ नका. वॉकीटॉकीसारखी सलग लहर असेल तर तो छान आकडा देतो. पण रिमोट लहर चालू-बंद, चालू-बंद करत कोड पाठवतो, आणि काउंटर बंद असलेला वेळही मोजणीत धरतो, त्यामुळे कधी कधी खऱ्याच्या अर्ध्याच्या आसपासचा आकडा दाखवतो. समोर काहीच नसेल तेव्हाही तो काहीतरी आकडे नाचवत राहतो, ते वेगळंच.

१. उघडण्याआधी वाचा

रिमोट उलटा करा, सेलचं झाकण काढा, सेल बाहेर काढून खालचं प्लास्टिक वाचा. निम्म्या वेळा आकडा तिथेच छापलेला असतो. रिसीव्हरच्या डब्यावरही बघा. तो गेटच्या खांबावर किंवा क्रेनच्या पॅनेलमध्ये असतो, आणि तिथलं लेबल रिमोटइतकं झिजलेलं नसतं.

फ्रिक्वेन्सी नसली पण 'एफसीसी आयडी' असा कोड असला, तर अर्धी लढाई जिंकली. अमेरिकेत विकण्यासाठी तपासलेल्या प्रत्येक यंत्राचे चाचणी अहवाल त्या कोडवर शोधता येतात, त्यात फ्रिक्वेन्सी आणि बऱ्याचदा आतले फोटोसुद्धा असतात. भारतीय बाजारासाठी आलेल्या यंत्राला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए लागते. तिच्या कागदात कुठल्या पट्ट्यात यंत्र चालतं ते लिहिलेलं असतं.

आणि हे पहिल्याच पायरीत तपासा: यंत्रात सिमकार्ड आहे का? शेतावरचा पंपाचा 'मोबाइल स्टार्टर' घेऊन काही जण फ्रिक्वेन्सी शोधायला येतात. तो मोबाइल नेटवर्कवर चालतो, फ्रिक्वेन्सी टॉवर ठरवतो. त्याला शोधून उपयोग नाही, सिमची कंपनी आणि रेंज बघा.

२. आत डोकवा

झाकण उघडल्यावर बघायचं ते गोल किंवा चौकोनी पत्र्याच्या टोपीकडे. त्यावर 'आर४३३ए' असं कोरलेलं असेल तर ४३३.९२ मेगाहर्ट्झ, 'आर३१५ए' असेल तर ३१५. हा 'सॉ रेझोनेटर', आणि तो स्वतःच फ्रिक्वेन्सी ठरवतो, म्हणून या छापावर बराच भरवसा ठेवता येतो.

टोपीऐवजी लांबट क्रिस्टल असेल तर थोडं गणित. अनेक रिमोटमधली चिप क्रिस्टलला ३२ ने गुणते. १३.५६ गुणिले ३२ म्हणजे बरोबर ४३३.९२. ९.८४३७५ गुणिले ३२ म्हणजे बरोबर ३१५. क्रिस्टलवर यातला आकडा दिसला की पुढचं काम खात्री करण्यापुरतं उरतं. जुन्या खेळण्यातल्या गाडीत मात्र गुणाकार नसतो, २७.१४५ छापलेलं असेल तर गाडी त्याच आकड्यावर चालते.

२६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दिसला तर त्यावरून काही ठरवू नका. अशा चिपमध्ये फ्रिक्वेन्सी प्रोग्रॅमने ठरते, त्याच क्रिस्टलवर ती ४३३ ही देईल आणि ८६६ ही.

आतल्या अँटेनाच्या लांबीवरून अंदाज बांधायचा सल्ला काही लोक देतात. सरळ तार असेल तर ठीक, ४३३.९२ साठी पाव तरंगलांबी सुमारे १७.३ सेंटिमीटर येते. पण रिमोटमध्ये तार गुंडाळलेली असते किंवा सर्किट बोर्डवरच वळसे घातलेले असतात, तिथे पट्टी लावून काहीही सिद्ध होत नाही.

३. शक्यतांची यादी आखा

सगळा स्पेक्ट्रम चाळत बसण्याआधी भारतात अशी यंत्रं कुठे असतात ते लिहून समोर ठेवा.

- २७ मेगाहर्ट्झच्या आसपास: खेळणी, सिटिझन बँड. परवान्याविना चालणारा पट्टा २६.९५७ ते २७.२८३.
- ३१५: आयात केलेले स्वस्त रिमोट, काही गाड्यांच्या चाव्या.
- ३३५.७ ते ३३५.८५ च्या दरम्यान: क्रेनचे रिमोट. भारतात या कामासाठी खास मोकळे ठेवलेले चॅनेल आहेत, ३३५.७१२५ पासून सुरू होणारे. परदेशी लेखांत हे सापडत नाही, म्हणून कारखान्यातली मंडळी ४३३ वर शोधत राहतात.
- ४३३ ते ४३४: गेट, शटर, दारावरची बेल, हवामान सेन्सर, टाकीच्या पाण्याची पातळी दाखवणारे. सर्वांत गर्दी इथे.
- ४४६ ते ४४६.२: विनापरवाना चालणाऱ्या कमी ताकदीच्या वॉकीटॉकी.
- ८६५ ते ८६८: शेतातली लोरा यंत्रं (कमी ताकदीत लांबवर माहिती पाठवणारी), मीटर, नवे सेन्सर.
- ८८ ते १०८: एफएम. स्वस्त 'माइक टू रेडिओ' खेळणी इथे सापडतात.
- २.४ गिगाहर्ट्झ: ड्रोन, नवी खेळणी, बरेच नवे माइक. आपल्या डोंगलला हा भाग दिसत नाही. यादीत बाकी कुठेच काही सापडलं नाही तर संशय इथे न्या.

दाराची कार्डं यातल्या कशातच बसत नाहीत. ती १२५ किलोहर्ट्झ किंवा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि ती कार्डं स्वतःहून पाठवत नाहीत, रीडरच्या ताकदीवर उत्तर देतात. त्यांचा शोध वेगळा.

४. डोंगल सुरू करा

विंडोजवर पहिल्यांदा डोंगल लावल्यावर झाडिग नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवून ड्रायव्हर बदलावा लागतो. तिथे 'लिस्ट ऑल डिव्हायसेस' चालू करून यादीतून 'बल्क-इन, इंटरफेस ०' निवडायचं, आणि विनयूएसबी बसवायचं. ही यादी लॅपटॉपला जोडलेली सगळी यंत्रं दाखवते. चुकून माउस किंवा कीबोर्डवर ड्रायव्हर बसवलात तर तो कीबोर्ड तिथल्या तिथे गप्प होतो. बटण दाबण्याआधी नाव दोनदा वाचा. व्हर्जन चार डोंगल असेल तर त्याचाच नवा ड्रायव्हर लागतो. जुन्यावर तो चालू झाल्यासारखा दिसतो, पण स्टेशनं लागत नाहीत.

यंत्रणा नीट आहे हे तपासायला नाशिकमध्ये सोपा मार्ग आहे: वाइड एफएम निवडून १०१.४ वर आकाशवाणी लावा. आवाज स्पष्ट आला की अँटेना, केबल, ड्रायव्हर सगळं जागेवर आहे. ९८.३ वर मिर्ची लागलं तरी चालेल, पण १०१.४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता सँपल रेट २.४ करा, म्हणजे एका नजरेत साधारण २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा भाग दिसेल. 'ऑटोमॅटिक गेन' बंद करा (गेन म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो ते). मधली फ्रिक्वेन्सी जिथे शोधायचं तिथेच नेमकी ठेवू नका, ४३३.९२ शोधत असाल तर मधोमध ४३३.५ ठेवा. काही रिसीव्हर बरोबर मध्यावर स्वतःचीच एक रेघ दाखवतात, तिच्यात तुमचा सिग्नल दडू नये.

५. बोट दाबा, बोट सोडा

रिमोट डोंगलच्या अँटेनाला चिकटवून दाबायची इच्छा होते. नका. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जमलं तर पलीकडच्या खोलीत ठेवा. जवळून दाबला की रिसीव्हर गुदमरतो आणि स्क्रीनभर पाच-सात रेघा उगवतात, त्यातली खरी कोणती हे सांगता येत नाही. वॉकीटॉकीच्या बाबतीत तर जास्त अंतर ठेवा. तिचा अँटेना काढून तिथून थेट वायरने डोंगलला जोडायचा उद्योग करू नका, डोंगल जळतो.

गेट किंवा क्रेन असेल तर बटण दाबण्यापूर्वी एक काम. क्रेनचा मेन आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावा, शॉपच्या इन्चार्जला सांगा. शोध रिमोटचा चालला असला तरी रिसीव्हर वर पॅनेलमध्ये जागाच असतो, आणि हुकाला लोड असतानाही लोक बटण दाबून बघतात. गेटच्या मोटरची लाइट बंद करा, किमान कुणी मूल किंवा गाडी फाटकात नाही ना ते बघा.

मग यादीतला पहिला पट्टा लावा. दाबा, तीन सेकंद थांबा, सोडा. दाबा, सोडा. वॉटरफॉलमध्ये तुमच्या बोटासोबत उमटणारी आणि बोटासोबत पुसणारी खूण शोधायची. ४३३ ते ४३४ मध्ये सकाळच्या वेळी एखाद्या मोठ्या सोसायटीत बसलात तर दर काही सेकंदांनी काहीतरी लुकलुकतच असतं: कुणाची गाडी उघडते, कुणाची बेल वाजते, वरच्या टाकीचा सेन्सर आपली पातळी सांगतो. त्यातली कुठलीही खूण तुमच्या बोटाचं ऐकत नसेल तर ती तुमची नाही. दोन-तीन वेळा जुळणं योगायोग असू शकतो, म्हणून ठेका बदला: दोनदा भरभर, मग थांबून एकदा लांब. तोच ठेका वॉटरफॉलवर उमटला पाहिजे.

पट्टा माहीत नसेल आणि यादी संपली असेल, तर पूर्ण चाळणी लावायची. आरटीएल पॉवर नावाचा प्रोग्रॅम किंवा त्यावर चालणारा एखादा स्कॅनर घ्या, आधी ट्रान्समीटर बंद ठेवून एक पूर्ण फेरी काढा, मग बटण दाबून धरून दुसरी. दोन आलेख एकावर एक ठेवले की फरकच बोलतो. रिमोट मध्येमध्ये पाठवत असल्याने एकाच फेरीत तो सापडेल असं नाही, तेव्हा टायनीएसए असेल तर 'मॅक्स होल्ड' (दिसलेली सर्वांत उंच रेघ धरून ठेवणारी सोय) लावून बटण दाबत राहा.

सेन्सरसारखं स्वतःहून पाठवणारं यंत्र असेल तर बोटाचा नियम चालत नाही. तिथे सेल काढा आणि परत घाला. बहुतेक सेन्सर सेल घातल्या घातल्या एकदा तरी पाठवतात. हवामान सेन्सरसाठी आरटीएल ४३३ नावाचा प्रोग्रॅम चालू ठेवला तर तो सरळ तापमान आणि आर्द्रताच वाचून दाखवतो. समोरच्या डिस्प्लेवरचं तापमान आणि लॅपटॉपवरचं तापमान जुळलं की याहून पक्का पुरावा नको. द्राक्षबागेत शेजारच्या बागेचा सेन्सर पकडला जाण्याचा संभव असतो, म्हणून सेन्सर मुठीत धरून गरम करा आणि लॅपटॉपवर पारा चढतो का बघा.

६. खोट्या रेघा ओळखा

समजा, बोटासोबत उमटणाऱ्या दोन रेघा सापडल्या. एक ४३३.९२ वर, दुसरी ८६७.८४ वर. दुसरा आकडा ८६५ ते ८६८ च्या पट्ट्यात बसतो, त्यामुळे "हे ८६८ चं नवं मॉडेल आहे" असं सहज वाटतं. पण ८६७.८४ म्हणजे ४३३.९२ ची बरोबर दुप्पट, दुसरा हार्मोनिक. स्वस्त रिमोटची गाळणी कमकुवत असते, तो दुप्पट-तिप्पट आकड्यांवरही थोडं थोडं पाठवत राहतो. म्हणून आकडा सापडला की त्याच्या निम्म्यावर आणि एक-तृतीयांशावर जाऊन बघायचंच. तिथे जास्त जोरदार रेघ असेल तर खरी ती. दुप्पट बहुतेक वेळा कमजोर असते, मात्र अँटेना ज्या लांबीचा असेल तिथे ती फुगूनही दिसते, त्यामुळे जोरावरून निवाडा करताना अँटेना दोन्हीकडे जुळवून घ्या.

हे फक्त रिमोटचं नाही. आकाशवाणीचा आवाज २०२.८ वर ऐकू आला तर तिथे केंद्र नाही, १०१.४ ची दुप्पट आहे, आणि बहुधा तुमच्या डोंगलनेच ती घरात तयार केली आहे. गेन कमी केल्यावर ती जाते.

दुसरी शंका: रेघ डोंगलच्या आतूनच येते का? अँटेना काढून टाका. तरी रेघ जागेवर असेल तर ती घरचीच. या डोंगलमध्ये २८.८ मेगाहर्ट्झचं घड्याळ असतं, त्याच्या पटीत रेघा दिसतात: १४४.०, ४३२.०, ८६४.० हे आकडे पाठ असू द्या. सलग, न हलणारी, बोटाचं न ऐकणारी रेघ बरोबर ४३२.० वर दिसली की तिथे वेळ घालवू नका.

तिसरी परीक्षा मधली फ्रिक्वेन्सी सरकवण्याची. ती ३०० किलोहर्ट्झने हलवा. खरा सिग्नल ज्या आकड्यावर होता त्याच आकड्यावर राहतो, फक्त स्क्रीनवर बाजूला सरकतो. खोटी प्रतिमा दुसऱ्याच आकड्यावर जाते किंवा उलट्या दिशेने पळते.

चौथी गेनची. डोंगल आणि अँटेनाच्या मध्ये सिग्नल उतरवणारा १० डीबीचा (डीबी हे सिग्नलच्या जोराचं माप) अ‍ॅटेन्युएटर लावला तर खरा सिग्नल साधारण १० डीबीनेच उतरतो. दोन जोरदार स्टेशनं रिसीव्हरमध्ये आदळून तयार झालेली 'थर्ड ऑर्डर' भेसळ एकदम ३० डीबीच्या आसपास खाली येते, म्हणजे जवळपास नाहीशीच होते. अ‍ॅटेन्युएटर नसेल तर अँटेना आत ढकलून लहान करा, किंवा रिमोट आणखी लांब न्या. शहराच्या मध्यावर, उंच इमारतीच्या गच्चीवर बसून शोधत असाल तर ही परीक्षा हमखास करा, तिथे एफएमची आणि मोबाइल टॉवरची मारामार जास्त.

आणि एलईडी दिवे, सोलारचे इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर. ही ट्रान्समीटर नाहीत, पण स्क्रीनवर रुंद, विस्कटलेले, हळूहळू सरकणारे ढिगारे टाकतात. रेघ नागमोडी सरकत असेल तर आधी घरातले चार्जर काढून बघा. लॅपटॉपचा स्वतःचा चार्जरसुद्धा.

७. नेमका आकडा वाचा

रेघ खरी ठरली. आता तिचा मध्य कुठला? चालू-बंद प्रकारच्या रिमोटमध्ये एकच टोक असतं, तेच वाचा. दोन टोकं शेजारी शेजारी दिसली तर यंत्र एफएसके आहे, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींमध्ये उड्या मारत कोड पाठवतं, दोन्हींच्या मधला आकडा घ्या. लोरा तिरप्या रेघांनी ओळखू येतो, त्या एका ठरावीक रुंदीत वर-खाली घसरतात, तिथे त्या रुंदीचा मध्य. वॉकीटॉकीत पीटीटी (बोलायचं बटण) दाबून गप्प राहा, बोललात तर रेघ पसरते आणि मध्य सापडत नाही.

इथे डोंगलची स्वतःची चूक मध्ये येते. साध्या डोंगलचा ऑसिलेटर ५० पीपीएमने (दहा लाखांत ५० भागांनी) चुकलेला असणं नवल नाही. ४३३.९२ वर ५० पीपीएम म्हणजे जवळपास २२ किलोहर्ट्झ. गेटच्या रिमोटला याने फरक पडत नाही, वॉकीटॉकीला पडतो: ४४६ चे चॅनेल १२.५ किलोहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पहिला ४४६.००६२५ आणि सोळावा ४४६.१९३७५. चुकलेला डोंगल तुम्हाला शेजारचा नाहीतर त्याच्याही पलीकडचा चॅनेल सांगेल. टीसीएक्सओवाला डोंगल १ पीपीएमच्या आसपास असतो, तिथे ही चूक ४३४ हर्ट्झ इतकीच. चूक मोजायला आकाशवाणी कामाची नाही, तिचा सिग्नल रुंद आहे. त्यासाठी २जी चालू असलेल्या मोबाइल टॉवरवर कॅलिब्रेट नावाचा प्रोग्रॅम चालवा. आणि डोंगल आधी वीसेक मिनिटं चालू ठेवून गरम होऊ द्या, थंड डोंगलचा आकडा सरकत असतो.

वाचलेला आकडा मग प्रचलित आकड्याला जुळवा, पण डोळे मिटून नाही. ४३३.८९ आला तर ४३३.९२ मानायला हरकत नाही. ४३३.४२ आला तर त्याला ओढून ४३३.९२ करू नका: सोमफीच्या पडद्या-शटरचे आरटीएस रिमोट खरोखरच ४३३.४२ वर चालतात, आणि साधा ४३३.९२ चा पर्यायी रिमोट त्यांच्यावर धड चालत नाही.

८. आकडा जुळला तरी रिमोट चालेना

फ्रिक्वेन्सी म्हणजे फक्त रस्ता. कोड वेगळा. विकत घेण्याआधी चिपचा नंबर भिंगाने वाचून ठेवा. पीटी२२६२ असेल तर कोड ठरलेला असतो, आतल्या पॅडवरचे सोल्डरचे डाग नव्या रिमोटवर तसेच दिले की काम होतं. ईव्ही१५२७ असेल तर प्रत्येक रिमोटचा कोड वेगळा, पण 'कॉपी रिमोट' त्याची नक्कल करतो. एचसीएस३०१ असेल तर कोड दर दाबण्याला बदलतो. तिथे नक्कल करायच्या भानगडीत पडू नका, नवा रिमोट रिसीव्हरच्या 'लर्न' बटणाने शिकवून घ्या. "कुठलाही रिमोट कॉपी करून देतो" अशी पाटी असलेल्या टपरीवर हा फरक सांगत नाहीत.

वॉकीटॉकीत हीच जागा टोनची. चॅनेल बरोबर असूनही समोरचा संच मुका राहिला तर बोलण्याखाली चालणारा ऐकू न येणारा सीटीसीएसएस टोन तपासा, ८८.५ हर्ट्झ हा त्यातला एक नेहमीचा.

क्रेनच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे: फ्रिक्वेन्सी शोधा, नोंदवा, पण रिमोट त्याच कंपनीचा घ्या. शेजारच्या बेमधल्या (शॉपमधल्या पलीकडच्या दालनातल्या) क्रेनचा कोड चुकून जुळला तर काय होईल, याची कल्पना कुठल्याही शॉप इन्चार्जला विचारा.

९. ट्रान्समीटर हातात नसेल तर

पार्किंगमध्ये कुणाच्याच गाडीची चावी चालत नाही, अशी तक्रार कधी कधी येते. ४३३.९२ वर सलग रेघ दिसली तर जवळपास कुणाचा तरी रिमोट दाबलेल्या अवस्थेत अडकलाय: सोफ्याच्या फटीत, ड्रॉवरमध्ये, पाणी गेलेल्या बेलच्या बटणात. अँटेना लहान करा, गेन उतरवा, लॅपटॉप छातीशी धरून जागच्या जागी गिरकी घ्या. शरीराची आड आली की सिग्नल पडतो, म्हणजे उगम पाठीमागे. चार पावलं चाला, गेन आणखी उतरवा, पुन्हा गिरकी. जिन्यात आणि लोखंडी शटरजवळ लहरी आदळून दिशा चकवतात, तिथे दिशेपेक्षा जोरावर जा.

उगम परक्या जागेत किंवा सरकारी कुंपणाआड जात असेल तर तिथेच थांबा. अशा हस्तक्षेपाची तक्रार दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेकडे करायची असते. तक्रारीत "रिमोट चालत नाही" एवढंच लिहू नका. तारीख, सुरू आणि बंद झाल्याची वेळ, फ्रिक्वेन्सी, सिग्नल सलग की तुटक, कुठल्या जागी सर्वांत जोरदार, तुमचं कुठलं यंत्र अडलं आणि त्याचा ईटीए क्रमांक, सोबत वॉटरफॉलचा स्क्रीनशॉट ज्यात वेळ आणि आकडा दोन्ही वाचता येतात. निदान आठवडाभराची नोंद असू द्या. सिग्नल रोज ठरावीक वेळीच येत असेल तर तपासणाऱ्याला कधी यायचं ते त्यावरूनच कळतं.